झेंडूचा हलता हार

टक... टक... एवढाच तो आवाज. तपकिरीनं नखापर्यंत तांबूस झालेलं आप्पांचं एक बोट वारंगा फाट्यावरच्या नेट कॅफेत अक्षर शोधत फिरायचं, सापडलं की त्यावर आदळायचं, आणि बाहेर ट्रकांचा धुरळा उन्हात तरंगत असताना आमच्या गावाचा गतकाळ त्या निळसर पडद्यावर सावकाश उमटायचा. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं माळ ओढतात, नाही तर भाऊबंदकी उकरतात. यांनी गावाच्या इतिहासाचं संकेतस्थळ काढलं. दर बाजारच्या दिवशी परीटघडीचं धोतर नेसून, कानात अत्तराचा फाया खोचून एसटीनं निघायचे. लग्नाला निघाल्यासारखा माणूस नटायचा, आणि भेटायचा कुणाला, तर मेलेल्यांना.

जिवंतांत त्यांचा जीव रमलाच नाही. पारावर एखादं थकलेलं म्हातारं दिसलं की मायेनं विचारायचे, "एखादा चांगला फोटो हाय का तुमचा?" त्या म्हाताऱ्याला बिचाऱ्याला वाटायचं, आपलं कौतुक चाललंय. 'दिवंगत' हे त्यांचं लाडकं पान. तिथं प्रत्येक फोटोला झेंडूचा हार होता, आणि कॅफेवाल्यानं काय करामत केली होती देव जाणे, तो हार वारा नसताना हलायचा. पुण्याला गेलेली गावची पोरं त्या पानाची वाहवा करायची आणि आप्पा त्या वाहवेवर आठवडा काढायचे.

आमच्याच घरात, ओसरीच्या दारामागं, गोदाकाकूचा वावर असायचा. धाकट्या चुलत्यांची, धोंडीकाकांची ही बायको. नव्वदच्या दशकात, हळद शिजवायच्या दिवसांत, धोंडीकाका फाट्यावरून एका ट्रकात बसून गेले ते आलेच नाहीत. ना निरोप, ना प्रेत. लोकांच्या हळदीवर रोजानं जाऊन काकूची बोटं बारमाही पिवळी; त्याच बोटानं ती रोज सकाळी कपाळावर ठसठशीत कुंकू रेखायची, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर असा निश्चय असायचा, की नवऱ्याला परत येण्यावाचून गत्यंतरच नाही असं वाटावं.

एका हिवाळ्यात आप्पा आमच्या घराण्याच्या पानापर्यंत पोहोचले. माणूस एक तर आहे, नाही तर नाही. मधल्या माणसाला त्यांच्याकडे पान नव्हतं. त्यांनी सख्ख्या भावाला हार घातला. मृत्यूची तिथी ठाऊक नसलेल्यांचं श्राद्ध सर्वपित्रीला घालतात, म्हणून खाली सर्वपित्री अमावस्या लिहून मोकळे झाले. वर त्या पानाची रंगीत प्रत छापून पंचायतीच्या फळ्यावर डकवली. गावानं ती वाचली आणि गाव आपल्या कामाला लागलं.

संक्रांतीला काकू वाण मांडून ओट्यावर बसली. बायका आल्या, माझ्या आईला हळदीकुंकू लावलं, आणि गप्पा न थांबवता काकूला वळसा घालून निघून गेल्या. ओट्यावरचं ऊन उतरलं, तिळगुळाला मुंग्या लागल्या, तरी ती बसून होती. मग उठून दाराआड आली. थोरल्या दिराशी समोर बोलायची रीत नव्हती. दोघं हातभर अंतरावर असले तरी मध्ये मी लागायची.

"सुमे, आप्पांना म्हणावं, फोटो राहू द्या. तेवढा हार काढा."

आप्पांनी ऐकलंच होतं. तरी मी सांगितलं.

"तिला सांग, आज धोंडीचा काढला तर उद्या समदं गाव येऊन बसल हार काढा म्हणत."

"म्हणावं, ते आले म्हंजी?"

"आला तर काढू की," आप्पा म्हणाले, आणि हसले. त्या हसण्याचा राग मला आजही येतो.

दुसऱ्या दिवशी काकूचं कपाळ मोकळं होतं. कुणी जबरदस्ती केली नाही. आमच्या गावात ती लागत नाही.

पुढं काही वर्षांनी कॅफेवाला दुकान मोडून परागंदा झाला. संकेतस्थळाचा सगळा कारभार त्याच्याच नावावर. एका बाजारच्या दिवशी आमचं गाव कुठल्याच पडद्यावर उघडेना. आप्पा ओसरीवर बसून लेकरागत रडले. भावासाठी डोळा ओला न केलेला हा माणूस हुंदके देत होता, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दाराआडून आवाज आला. "सुमे, आता ते न्हाईत ना तिथं?"

"न्हाईत काकू. काहीच न्हाई तिथं."

"मंग लावू का कुंकू?"

आप्पांचे हुंदके थांबले. उपरण्यानं नाक पुसून ते मला म्हणाले, "तिला म्हणावं, गावाला इचार."

तिनं विचारलं नाही. आता आप्पाही नाहीत. हळद शिजायला लागली की तिच्या उग्र वाफेनं आळी भरून जाते. घाम टिपताना काकूच्या पिवळ्या बोटांची हळद कपाळाला लागते, आणि ती कुणी पाहायच्या आत पदरानं पुसून टाकते. त्या पानावरचे सगळे मेलेले आपापल्या हारांसकट काळात विरून गेले; एकटे धोंडीकाका, जे कदाचित कुठं जिवंत असतील, त्यांच्या गळ्यातला झेंडू मात्र आमच्या गावात अजून हलतो आहे.