बकरीनं कुरतडलेलं पान

मी एक वही बोलतेय. निळ्या पुठ्ठ्याची, ऐंशी पानी, नायजेरियातल्या कानो शहरातली. सोशिक, गरीब, विद्येची सेवा करणाऱ्या वह्या वेगळ्या. मी डूख धरणारी आहे, आधीच सांगून ठेवते.

माझी मालकीण हंसातू. ती कादंबऱ्या लिहिते. आमच्याकडे कादंबरी भागाभागानं बाजारात येते आणि मागच्या पुठ्ठ्यावर लेखिकेचा फोन नंबर छापलेला असतो. तिच्या झुलाईच्या गोष्टीचे दोन भाग निघाले आणि फोन थांबेना. तिसऱ्या भागासाठी तिनं मला आणलं. पहिली अकरा पानं अशी झरझर लिहिली, की मला वाटलं, वा, नशीब काढलं आपण!

मग ती मला घेऊन पुस्तकवाल्या अल्हाजी तांकोकडे गेली. तांको पुस्तकं छापतो, विकतो, पण वाचत नाही. नुसती जाडी बघतो. तपकीर लागलेल्या अंगठ्यानं त्यानं माझी पानं फर्रकन उडवली आणि दुकानभर लोकांसमोर म्हणाला, "एवढंच? आटली वाटतं विहीर! राहू दे हंसातू, तिसरा भाग मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतो. झुलाईचं नाव असलं की झालं. तू आपली चूल सांभाळ. रमजानच्या आत आणलंस तर बघू."

त्या तपकिरीचा डाग माझ्या पुठ्ठ्यावर अजून आहे.

घरी आल्यावर हंसातूचा हातच चालेना. एक ओळ लिहायची, खोडायची. खोडलेली परत लिहायची. शेवटी तिनं फोन बाजरीच्या पिठात खुपसला आणि मला पलंगाच्या मोडक्या पायाखाली सारलं. अपमान तिचा झाला आणि भार माझ्या छातीवर! महिन्याभरानं बाहेर काढलं, तेव्हा मला वाटलं, आली बाई भानावर. कसलं काय! तिनं अकराही पानं टराटरा फाडली आणि पुड्या बांधायला कोपऱ्यावरच्या देलूला देऊन टाकली. मी तिच्या करंगळीला कापलं. चांगलं खोल कापलं.

या देलूला सगळी गल्ली गोग्गो म्हणते, म्हणजे आत्या. ती रोज सकाळी चवळी वाटून भजी तळते. तिला वाचता येत नाही, पण ऐकायचा भारी नाद. म्हणून तिचा एक नियम आहे. पुडीच्या कागदावर काही लिहिलेलं असेल, तर गिऱ्हाइकानं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, मगच घास घ्यायचा. माझं अकरावं पान गॅरेजवाल्याच्या वाट्याला आलं. झुलाई डोक्यावर पेटी घेऊन नवऱ्याच्या दारात उभी आहे, कडी वाजवायला हात उचललाय, आणि कागद संपला.

गोग्गो हातातल्या झाऱ्यासकट हंसातूच्या अंगणात शिरली.

"पुढे काय झालं?"

"पुढे काही नाही, गोग्गो. सुचतच नाही मला."

"सुचत नाही? अगं, ती पोर डोक्यावर पेटी घेऊन ताटकळलीय आणि तू इथे पाय पसरून बसलीस? मान मोडेल की तिची!"

हंसातूला हसू आलं, मग रडू आलं, मग तांकोचं सगळं बाहेर आलं. गोग्गोनं ऐकून घेतलं.

"माझा पहिला घाणा रोज बिघडतो," ती म्हणाली. "म्हणून काय मी कढई पालथी घालते? पहिला घाणा बकरीला टाकते. तूही टाक. दुपारच्या नमाजानंतर मी रोज येणार. लिहिलेलं ऐकल्याशिवाय उठायची नाही."

तेव्हापासून हा छळ सुरू झाला. फाडलेली अकरा पानं गोग्गोनं ऐकलेली आठवून सांगितली आणि ती पुन्हा माझ्यात उतरली. हंसातू रोज बसायची आणि पहिल्या पानावर येईल ते खरडायची. आज मीठ जास्त पडलं. तांकोचं तोंड काळं होवो. मग ते पान फाडून खरोखरच बकरीपुढे टाकायची. माझं अंग, आणि ती मिटक्या मारत खायची! त्या बकरीला मी सात पिढ्यांचे शाप दिलेत. पण एक कबूल करते, बकरीचं पान गेलं, की हंसातूचा हात सैल व्हायचा. कधी दोन पानं होत, कधी तीनच ओळी. गोग्गो चवळीची सालं काढत तीन ओळी ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

एकदा बकरीनं हावरेपणानं चांगल्या पानाचाही वरचा कोपरा कुरतडला. त्याच पानावर गोष्टीत एक पुस्तकवाला आला होता. अंगठ्याला तपकीर, पुस्तक उलटं धरून गिऱ्हाइकाला म्हणतो, "फार सुंदर लिहिलंय हो!" लिहिताना हंसातू खुदुखुदू हसत होती. मी शाईचा एक थेंब फुटू दिला नाही.

रमजानला आठ दिवस असताना तिनं मला तांकोपुढे ठेवलं. त्यानं जाडी बघितली, मान डोलावली, छापून टाकलं. सगळ्या शहरानं वाचलं. त्याच्या दोन्ही बायकांनी दार लावून वाचलं. नाही वाचलं ते एकट्या तांकोनं.

छापून झाल्यावर हंसातूनं मला पुन्हा गोग्गोला दिलं, पुड्यांसाठीच. राग आला? आलाच. पण या वेळी मी तिला कापलं नाही.

आता ईद होऊन आठवडा झालाय. मी टोपलीत पडलेय, आणि रांगेत सगळ्यात पुढे अल्हाजी तांको उभा आहे. गोग्गो टोपलीत हात घालून चाचपतेय. अक्षर कळत नसलं, तरी कुरतडलेला कोपरा तिच्या बोटांना कळतो. सापडला. गरम भजी माझ्यात पडली.

"घ्या अल्हाजी. नियम ठाऊक आहे ना? जरा वाचून दाखवा."

रांग एक पाऊल पुढे सरकली. गॅरेजवाल्यानं मशीन बंद केलं. तांकोनं तोऱ्यात घसा साफ केला आणि मला समोर धरलं.

"उलटं धरलंत," गोग्गो म्हणाली. "तो खाल्लेला कोपरा वर करा."

तेल माझ्या अंगात उतरतंय. माझी शाई आता फार वेळ टिकायची नाही, पण एवढं पान होईल. वाच तांको. आणि जरा मोठ्यानं वाच, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.