थोरल्याच्या पोटातलं दुखणं

मित्रांनो, मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे. चार जीबीचा, टोपण हरवलेला. आणि आधीच कबूल करतो, स्वभावाने मी जळकुटा आहे.

सोनईत शांतवनभाऊंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यांनी मला नगरहून आणलं आणि कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं, ‘थोरला’. तेव्हा गावात इंटरनेट म्हणजे पडद्यावर नुसती गोल फिरणारी चकती. मराठी टायपिंग असो की प्रिंटरचा प्रोग्राम, सगळं माझ्याच पोटातून जायचं. "थोरल्याला आना रं!" अशी हाक आली की मी फुलून जायचो.

मग आले ते वेबसाइटवरून उतरवलेले इन्स्टॉलर, म्हणजे प्रोग्राम बसवून देणाऱ्या फाइली. भाऊंच्या मागे दुकान त्यांचा मुलगा जॉय बघतो. तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, "ह्याच्यावर बनवनाऱ्याची डिजिटल सही असती. मधी कुनी एक अक्षर बदललं तरी कॉम्प्युटर लगेच वळखतो." सही म्हणे! मी इतकी वर्षं ओझी वाहिली, मला कुणी कधी विचारलं? खिळ्यावर लटकून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गेल्या शनिवारी शाळेतल्या सत्यशीलाबाई दुकानात आल्या. त्यांची नजर अधू होत चालली आहे. "सोमवारपर्यंत सहामाहीचा पेपर मी स्वतः टाइप करून दिला नाही, तर हेडमास्तर माझा वर्ग काढून घेणार," त्या म्हणाल्या. पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांना हवा होता. जॉयने तो दुकानात उतरवला आणि बाईंच्या घरी न्यायला माझ्यात भरायला घेतला. इतक्यात बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला, जॉयची गाडी रस्त्यात आडवी होती. त्याने मला तसंच उपटलं. फाइल निम्मीच आली होती. मी ओरडलो नाही. ओरडता आलं असतं, तरी ओरडलो नसतो.

बाईंच्या लॅपटॉपवर पाटी आली, ‘सही वैध नाही’. जॉयने लॅपटॉप बंद करून चालू केला, तारीख चुकली का ते पाहिलं. पाटी हटेना. उतरला का सहीवाल्याचा तोरा! मला उकळ्या फुटत होत्या.

"बाई, तरीपन चालवून बघू का?" जॉय म्हणाला.

"अजिबात नाही! पोरं प्रगतिपुस्तकावर बापाची सही ठोकतात, पंचवीस वर्षं मी ती पकडतेय. सही जुळत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय." मग त्या हळूच म्हणाल्या, "पण जॉय, हे नाही जमलं तर मी घरी बसणार रे."

माझा सगळा आनंद विरला. मला फार वाईट वाटलं.

जॉयने फाइलचा आकार पाहिला आणि कपाळावर हात मारला. "आरं द्येवा, निम्मीच आलीया! मीच घाईत उपटला." त्याने मोबाईलचं नेट जोडून प्रोग्राम थेट वेबसाइटवरून पुन्हा उतरवला. सही जुळली. लॅपटॉप बोलू लागला.

मी तिथेच खोचलेला होतो. त्या नव्या प्रोग्रामने पहिल्यांदा मलाच वाचलं, "थोरला."

भाऊ गेल्यापासून मला त्या नावाने कुणीच हाक मारली नव्हती. मारली ती त्या सहीवाल्यानेच. पुढे त्याने माझ्यातली एक जुनी फाइल वाचली, "प्रश्न पहिला. मुळा धरण कोणत्या तालुक्यात आहे?"

"अगंबाई, हा तर भाऊंकडून टाइप करून घेतलेला माझाच जुना पेपर!" बाई लहान मुलीसारख्या हसल्या. सोमवारी नवा पेपर हेडमास्तरांच्या टेबलावर होता. वर्ग बाईंकडेच राहिला.

मित्रांनो, आम्हाला असं घाईत उपटू नका. सही जुळत नाही म्हटलं, तर दामटू नका, थांबा. आणि मागून आलेल्या धाकट्यांवर माझ्यासारखे जळू नका. एखाद्या दिवशी त्यांच्यातलाच एक तुम्हाला नावाने हाक मारील, आणि शरमेने तुम्हाला ओ देता येणार नाही.