मागच्या सीटवरचे महाराज

बिरूआबांच्या वस्तीवर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पळसदेवातून, आजूबाजूच्या वस्त्यांवरून, कुणी सायकलवर, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, माणसं नुसती लोटली होती. अंगणाच्या मधोमध पांढरी मोटार उभी. बॉनेटला हळद, काचेला कुंकू, वायपरला लिंबू-मिरची. आणि मागच्या सीटवर, दोघांची जागा एकट्यानं व्यापून, फुलनाथ महाराज बसलेले.

"चालीव रं!" महाराज गरजले.

बिरूआबांच्या मुलानं, दादासोनं, गाडी काढली. वस्तीसमोर पाटाच्या चारीवर मोरी होती आणि मोरीवर चांगला उंचवटा. गेले दोन महिने त्या उंचवट्यावरून गाडी गेली की मागून कुणीतरी दार ठोठावल्यासारखं वाजायचं. चढताना खटाक्, उतरताना खटाक्. महाराजांनी डोळे मिटले. "ऱ्हां ऱ्हीं ऱ्हूं! चाकवाली, आसवाली, बस खाली!" गाडी मोरीवरून गेली, वळून आली. हूं नाही की चूं नाही.

"गेली! गेली!" लोकांनी टाळ्या पिटल्या.

"गेली न्हाय." महाराज खाली उतरले. "माझ्या धाकानं दबून बसलीय. आता म्या उतरलो. चालीव गाडी."

दादासो एकटाच गाडी घेऊन गेला. खटाक्! बायकांनी पोरं जवळ ओढली.

"ऐकलं? हडळ हाय. माहेराकडची हाय. हिला या घरात कोण घिऊन आलं, ते मी कशाला सांगू?"

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडं वळल्या. दारात दिपाली उभी होती. जळोचीची, बारामतीच्या कॉलेजात सायन्स शिकलेली, आणि या घरात येऊन जेमतेम दोन महिने झालेली सून.

 सासूबाई साखरबाई तिच्याकडं बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. रागाशी भांडता आलं असतं.

साखरबाईंची भीती अगदीच हवेतली नव्हती. लग्न झालं, आणि त्याच सुमारास गाडी वाजायला लागली. सगळं घर नरसिंहपूरला देवाला गेलं तेव्हा गाडी गप्प होती. दादासो आणि दिपाली दोघंच इंदापूरच्या बाजाराला गेली, की जाताना खटाक्, येताना खटाक्. घरची मोठी माणसं सोबत नसली की वाजतं, हे साऱ्या वस्तीनं कानांनी ऐकलेलं होतं.

महाराजांनी निकाल दिला. येत्या अमावस्येला सुनेला माहेरी पोचवायची, वर्षभर उंबरा ओलांडू द्यायचा नाही. अमावस्येपर्यंत महाराज स्वतः रोज मागच्या सीटवर बसून हडळीला दाबून ठेवतील.

आणि ठेवलीही! सोमवारी महाराज हडळ दाबत इंदापूरला गेले, तिथं दाढी करून आले. मंगळवारी तिला दाबत बारामतीला जाऊन भाचीच्या साखरपुड्यात जेवून आले. एवढी फिरती हडळ जिल्ह्यात दुसरी नसेल.

दिपाली मात्र रडत बसली नाही. रडली, पण रडून झाल्यावर विचार करत बसली. पहिल्या दिवशी महाराजांनी दादासोला बाजूला घेऊन विचारलेलं तिनं ऐकलं होतं: "भरल्या गाडीत वाजतं का रिकाम्या?" दादासो म्हणाला होता, रिकाम्या. त्यानंतर महाराज मागच्या सीटवर चढले होते. प्रश्न मेकॅनिकचा होता, उपाय तेवढा मांत्रिकाचा!

ती नवऱ्याकडं गेली. "अहो, गाडीला मागं काही नवीन बसवलंय का?"

दादासोनं कान खाजवला. "स्प्रिंगा. शेताच्या वाटंनं बूड घासत होतं, म्हणून बाजारातल्या उंच, जाड स्प्रिंगा टाकल्या. लग्नाच्या आधी."

"आणि आवाज?"

"तवापास्नंच की." दादासोनं गाडीच्या मागच्या चाकाकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "पर महाराज म्हणत्यात..."

"महाराजांचं राहू द्या. अमावस्येला मी जाईन. फक्त जायच्या आधी गाडी माझ्या सांगण्यानं तीनदा मोरीवरून न्यायची. एवढं कराल?"

दादासोनं तिच्याकडं बघितलं. "करतो," म्हणाला.

अमावस्येला रविवारपेक्षा दुप्पट गर्दी होती. दिपालीची पेटी ओट्यावर बांधून ठेवलेली. महाराज मागच्या सीटकडं निघाले तशी ती पुढं झाली.

"महाराज, आज तुम्ही पुढं बसा."

"पुढं? हडळ मागं हाय, अन् म्या पुढं बसू?"

"तुमचा मंत्र दोन हात मागंसुद्धा पोचत नाही का?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारच्या वस्तीवरचे हिंदुराव काठी आपटत म्हणाले, "बसा की महाराज! पोरीचं काय म्हणणं हाय ते बी बघू."

महाराज पुढं बसले. मंत्र त्यांनी असा म्हटला की झाडावरचे कावळे उडाले. गाडी मोरीवर गेली. खटाक्! परतली. खटाक्!

"आज अमुशा हाय," महाराज घाम पुसत म्हणाले. "जोर चढलाय तिला."

"मामा," दिपालीनं सासऱ्यांना हाक मारली, "आपला मेंढा द्या."

बिरूआबांच्या घरात आता कळप राहिला नव्हता, डाळिंबं आणि ऊस होता. पण जुन्या सवयीनं एक मेंढा त्यांनी ठेवला होता, खाऊन खाऊन रांजणासारखा झालेला. दादासोनं आणि हिंदुरावांनी मिळून त्याला मागच्या सीटवर कोंबला, शेजारी पेंडीचं पोतं ठेवलं. मेंढ्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि गर्दीकडं मोठ्या गांभीर्यानं बघितलं.

गाडी गेली. आली. चूं नाही.

"मेंढ्यानं कुठला मंत्र म्हटला हो, महाराज?" हिंदुराव म्हणाले, आणि सगळं अंगण खदखदून हसलं.

"हडळ मेंढ्यात शिरली!" महाराज ओरडले.

"बरं." दिपालीनं मेंढा उतरवला आणि त्याच्या जागी खताची दोन पोती ठेवायला लावली. गाडी गेली, आली. शांत.

"आता खतात शिरली का?"

महाराज मोरीच्या वाटेकडं बघायला लागले. मेंढा तेवढ्यात वायपरचा लिंबू खाऊन मोकळा झाला.

दिपालीनं पोती काढायला लावली. दादासोनं जॅक लावून गाडीचं मागचं अंग उचललं. "आत्या," दिपालीनं सासूला बोलावलं, "तुम्ही या. तुम्हीच हात घाला."

साखरबाई देवाचं नाव घेत खाली वाकल्या. चाकाच्या आतली जाड स्प्रिंग त्यांनी बोटांनी धरली, तर ती गोल फिरली!

"ही तर ढिली हाय गं!"

"ढिलीच आहे. या स्प्रिंगा फार कडक आहेत, रिकाम्या गाडीच्या वजनानं दबतच नाहीत. उंचवट्यावर चाक खाली लोंबलं की स्प्रिंग जागची सुटते, आणि चाक परत वर आलं की लोखंडावर लोखंड आपटतं. मागं वजन असलं की ती दबून राहते. मग ते वजन महाराजांचं असो, नाहीतर खताचं. इथं बघा, रंग उडून कसं चकाकतंय. आणि इथं रबराची चकती हवी होती."

"दुकानदार म्हणाला रबर लागत न्हाय," दादासो जमिनीकडं बघत पुटपुटला.

सगळे वाकून वाकून बघायला लागले. बघून झाल्यावर लोकांनी महाराजांना शोधलं, तेव्हा महाराज मोरीच्या पलीकडं पोचले होते. पायी.

इंदापूरच्या मेकॅनिकनं जुन्या मापाच्या स्प्रिंगा बसवल्या, त्यांची टोकं खाचेत नीट बसवून खाली रबर घातलं. गाडी गप्प झाली. दिपालीची पेटी साखरबाईंनी स्वतः आत नेली आणि स्वतःच उघडली. एकेक लुगडं फडताळात लावताना म्हणाल्या, "पोरी, मी तुला घालवायला निघाले व्हते. खाली वाकून बघायचं मला सुचलंच न्हाय."

"असले महाराज सुचू देत नाहीत, आत्या. त्यांचा धंदाच तो आहे."

महिन्याभरानं शेजारची सिंधुबाई धावत आली. म्हैस दूध देईना, कुणीतरी नजर लावली, कुणा बाबाचा पत्ता हाय का? साखरबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात झटकले आणि पदर खोचला.

"पत्ता हाय की. जनावराच्या डॉक्टराचा. चल, मीबी येते. अन् जायच्या आधी म्हशीची कास बघू, सुजली हाय का ते. डोळं दिल्यात देवानं, ते आधी वापरू."

साखरबाईंना एवढं कळायला एक मेंढा आणि दोन पोती लागली. तुमच्या-आमच्या घरात उद्या काही वाजलं, दुखलं, बिघडलं, तर घरातल्या कुणा बाईकडं बोट दाखवण्याआधी आपणही जरा खाली वाकून बघावं. कारण नक्की सापडेल. आणि लगेच नाही सापडलं, तर शोधत राहावं.