कानापुढचं भोक

दरेकसाच्या डोंगरातल्या उपकेंद्रात मूल जन्मलं की नाळ सुकायच्या आत चमेली आजी हजर. ना नात्याची, ना गोत्याची. पण बाळ मांडीवर घ्यायची, डावा कान निरखायची आणि न बोलता घरी जायची. नर्स भाग्यश्रीला आधी राग यायचा, मग मात्र कुतूहल स्वस्थ बसू देईना. ही बाई एवढं शोधते तरी काय?

दुसरं कोडं आजीच्या नवऱ्याचं. गावाच्या आरोग्य नोंदीत पतिराम जिवंत होता, आणि असा ठणठणीत की वीस वर्षांत त्यानं एक गोळी घेतली नव्हती. जंगलात बंदुका वाजायच्या त्या काळात तो मोहफुलं वेचायला गेला, तो परतलाच नाही. आता सगळं शांत झालं होतं आणि राहिलेले मृत्यू नोंदवा, असा वरून हुकूम आला होता.

"आजी, पतिराम बाबा गेले असं लिहू का?"

"कायले लिवते वो? मी पायलं का त्याले मेलेलं?" आजी फणकारली.

"बरं, नाही लिहीत. पण बाळांचे कान काऊन पाहून राहता?"

आजी जवळ सरकली.

"आमच्यात मेलेल्या माणसाले काजळाचा ठिपका लावतेत. तोच ठिपका घेऊन तो पुन्हा जलमाले येते. मले तं ठिपका लावाले मुर्दाच नाही भेटला. पण त्याच्या डाव्या कानापुढं जलमाचं भोक होतं, सुईच्या टोकाएवढं. तुमी धा गावं फिरता बाई, तिथंबी पाहून घ्या ना."

असं भोक पुष्कळ पोरांना असतं, हे शिकलेल्या भाग्यश्रीला ठाऊक होतं. तरी त्या दिवसापासून वजनकाट्यावर मूल ठेवलं की तिची नजर आधी कानाकडं जायची. खूळ लागलं म्हणा ना!

उन्हाळ्यात शेजारच्या गावात खुशीला मुलगी झाली. कानापुढं भोक, तेही डाव्याच. आता आजीला सांगावं की नाही? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी तिनं आजीला स्कुटीवर बसवून नेलं.

"पोरगी आहे हं, आजी," तिनं आधीच सांगून टाकलं.

आजीनं कानावरून बोट फिरवलं. पोरीनं लांबलचक जांभई दिली.

"असाच आळशी होता," आजी हसली आणि हसता हसता रडायला लागली. इतकी, की खुशीनं घाबरून पाणी आणलं. इतक्या वर्षांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

मग पदरानं नाक पुसून तिनं भाग्यश्रीकडं पाहिलं.

"आता लिव बाई. माहा बुढा मेला."