डावा खांदा

चिमट्याने तिने बरणीतली नळी उचलली, टिपकागदावर टेकवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. नळी मऊ, गुळगुळीत. लेकीच्या गालासारखी, असं मनात आलं आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

पेसमेकरच्या वायरवर चढवायचं हे पॉलियुरेथेनचं आवरण. शरीरातल्या रसायनांची नक्कल करणाऱ्या गरम द्रावणात ते झपाट्याने म्हातारं होतं. बरणीतले काही महिने म्हणजे अंगातली कितीतरी वर्षं. बाबांच्या छातीतल्या वायरवरही हेच आवरण होतं. बाबांना ते तिनेच कौतुकाने सांगितलं होतं.

"काय म्हणते नळी?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"ठणठणीत आहे."

"मग अहवाल लिहून टाका. कंपनीवाले डोकं खातायत."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा नातीला डाव्या खांद्यावर टाकून खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होते.

"हिला हाच खांदा लागतो," ते कुजबुजले. "दुसरीकडे ठेवलं की भोकाड."

"सवय तुम्हीच लावलीत."

"लावली तर लावली. बिनभाड्याची जागा आहे."

लेकीला घेताना तिची बोटं त्यांच्या हडकुळ्या छातीवरून, डाव्या बाजूच्या गळपट्टीच्या हाडाखालून गेली. बाबांनी हात खाली केला तशी कातडीखालची वायर दुमडून बोटाखालून सरकली. तिचा हात तिथेच राहिला.

"काय गं?"

"काही नाही. हात जरा वर करा. आता खाली."

बाबांनी निमूटपणे कवायत केली. वायर प्रत्येक वेळी वाकली.

प्रयोगशाळेत मात्र सगळ्या नळ्या तळाला छोटी वजनं बांधून सरळ लटकत होत्या, परेडला उभ्या असल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नव्या नळ्या घेतल्या, काचेच्या बारीक कांडीभोवती घट्ट गुंडाळल्या, दोऱ्याने बांधल्या आणि द्रावणात सोडल्या.

"वेणीफणी चाललीय का?" साहेब म्हणाले.

"सर, माणसाच्या अंगात सरळ लटकून कोण राहतं?"

"पद्धतीत सरळच टांगायचं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याच्या खांद्यावर पोर नसेल."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण अहवाल थांबवला.

लेक रांगायला लागली त्या सुमारास तिने ती बरणी उघडली. वळणाच्या आतल्या बाजूला काही नव्हतं. बाहेरच्या, ताणलेल्या बाजूवर जुन्या कपाला पडतात तशा बारीक रेषा होत्या. तिने भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मग साहेबांनी पाहिलं, बराच वेळ.

"कंपनीला मीच फोन करतो," ते म्हणाले. "तुम्ही आज लवकर घरी जा."

दार बाबांनीच उघडलं. लेक त्यांच्या डाव्या खांद्यावर गाढ झोपली होती.

"तोंड का उतरलंय? नळी नापास झाली वाटतं."

"वाकवल्यावर झाली."

बाबांनी दार लोटलं.

"म्हणजे माझ्या वायरची सख्खी बहीणच की."

"तुमची बिघडलीच असेल असं नाही, बाबा. पण उद्याच डॉक्टरांकडे जाऊन तपासून घेऊ. मी सुट्टी टाकलीय."

"जाऊ की. फक्त हे असलं तोंड घेऊन येऊ नकोस, डॉक्टर आधी तुलाच तपासतील."

तिला हसू आलं नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग नातीच्या मानेखाली हात घालून तिला अलगद उजव्या खांद्यावर घेतलं. लेकीने डोळेही न उघडता भोकाड पसरलं.

"अगं, हीही जागा बरी आहे," बाबा तिची पाठ थोपटत म्हणाले. "राहून तर बघ."

त्यांनी खिडकीपर्यंत बऱ्याच येरझाऱ्या घातल्या. रडणं हुंदक्यांवर आलं, हुंदके थांबले. झोपेतच लेकीने हात लांबवला आणि बाबांच्या गळ्यावरून नेऊन डाव्या खांद्यावर ठेवला.

तो उचलायला ती पुढे झाली; मग तिने तो तसाच राहू दिला.