वॉशिंग मशीनखालचा ग्रंथ

मी एक जाडजूड ग्रंथ. यंत्रं का थरथरतात आणि ती शांत कशी करावीत, हे माझ्या पोटात सविस्तर दिलंय. आणि माझी उमेदीची वर्षं गेली कुठे, तर वॉशिंग मशीनच्या लंगड्या पायाखाली!

तसा मी लाडात वाढलो. माझी मालकीण कॉलेजात पहिली आली, तेव्हा बक्षीस म्हणून तिला मिळालो. मला उशाशी घेऊन झोपायची. पुढे ती पंपांच्या कारखान्यात नोकरीला लागली, लग्न झालं, सामानाबरोबर मीही सासरी आलो. एकदा मशीन डुगडुगायला लागलं. नवरोबांनी घरभर नजर फिरवली आणि माझ्यावर बोट ठेवलं, "हे बरोबर बसेल." बसलो. साबणाचं पाणी प्यायलो. मुखपृष्ठावर पायाचा गोल वळ उठला. फार वाईट वाटायचं.

मग कारखान्यात तिच्याच हाताखाली तयार झालेला माणूस तिचा साहेब झाला. का, तर त्याच्याकडे पुढची पदवी होती. त्या संध्याकाळी तिने चप्पलही न काढता मशीन तिरकं केलं आणि मला ओढून बाहेर काढलं.

"मी परदेशात शिकायला अर्ज करतेय."

"आता? या वयात?" नवरोबा दचकले.

"वय मशीनचं झालंय, तिचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

मला गॅलरीत वाळवलं. पुन्हा माझ्या ओळींखाली पेन्सिल फिरू लागली. शिफारसपत्रासाठी तिने जुन्या सरांना फोन केला. "पहिल्या बाकावर बसायचीस, तीच ना?" सरांनी विचारलं. जन्मभर शेवटच्या बाकावर बसलेली माझी मालकीण म्हणाली, "हो सर, तीच."

मुलाखत लॅपटॉपवर होती. पडदा उंच हवा म्हणून मला त्याच्याखाली सरकवलं. पुन्हा कुणाच्या तरी खालीच! इकडे इतके दिवस हाताने कपडे धुणाऱ्या सासूबाईंनी नेमके आज जुन्या सवयीने ते मशीनला लावले. माझ्याविना मशीन धाडधाड करत दारातून थेट खोलीत आलं.

"अगं, हे चाललं!" असं ओरडत सासूबाई त्याच्यावर चढून बसल्या.

परदेशी प्राध्यापिका बघतच राहिल्या. मालकिणीचा चेहरा उतरला. सगळं मुसळ केरात, असं मलाही वाटलं. पण तिला एकदम हसू फुटलं. कपडे एका बाजूला गोळा झाले की काय होतं, पाय आखूड असला की काय होतं, सासूबाई बसल्यावर मशीन का निवळलं, सगळं तिने भराभर सांगितलं. आकृती दाखवायला मला उपसलं, तेव्हा लॅपटॉप कलंडून प्राध्यापिकांना नुसतं छत दिसू लागलं.

"इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?" छताकडे बघत त्यांनी विचारलं.

तिने पडदा सरळ करून माझ्यावरचा वळ दाखवला. "आम्ही दोघंही मशीनखाली होतो."

प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी बॅग जड झाली. "राहू दे, मशीनला लागेल," म्हणत तिने मला बाहेर काढलं. पुन्हा तोच लंगडा पाय! सासूबाईंनी दोन स्वेटर काढून मला परत आत कोंबलं. "हा ने. मशीनचं मी बघते."

आता मी परक्या देशात टेबलावर उघडा असतो. एवढंच मागणं आहे, तुमच्याही घरात कशाखाली कोणी दबलंय का, ते एकदा वाकून बघा.

रविवारी घरचा फोन येतो. पडद्यावर सासूबाई नखशिखान्त थरथरत असतात.

"आई, नवीन मशीन घ्या हो!"

"घे-घेऊ गं. तू शि-शिकून ये. तो-तोवर मी ब-बसलेय ना."