निबंधात घरची अब्रू

त्रेसष्ट साली खुशालरावांची कौशल्या मॅट्रिकला मराठीत नापास झाली आणि शिक्षा मला झाली. मी अकोल्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि खुशालरावांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. घरमालकाची मुलगी नेमकी भाडेकरूच्या विषयात नापास होते, याचा अर्थ त्यांनी आपल्या परीने लावला.

"मास्तर, गनितात पास, इंग्रजीत पास, अन् मराठीत नापास. मराठी तं आपून घरी बोलतोच ना?"

मी म्हणालो, अडचण तीच आहे. त्यांना ते पटलं नाही.

ठरलं ते असं. कौशल्या मार्चमध्ये बाहेरून परीक्षेला बसणार. पास झाली तर अमरावतीच्या कॉलेजात, मुलींच्या वसतिगृहात. नापास झाली तर अकोटला, कापसाच्या एका जिनिंगवाल्यांच्या घरी सून म्हणून. मुलगा मुलगी पाहून गेला होता. मुलीने मुलगा पाहिला का, हे मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "जोडे पाह्यले, सर. मान खाली होती ना."

शिकवणी सकाळी, खुशालरावांचं दुकान उघडायच्या आधी. मोठी मुलगी परक्या पुरुषापुढे एकटी कशी बसणार, म्हणून खुशालरावांच्या विधवा बहीण मनकर्णाबाई मांडीवर कापूस घेऊन वाती वळत शेजारी बसायच्या. रिवाजाप्रमाणे त्यांनी फक्त बसायचं होतं.

"कवी नदीकाठी बसला आहे," मी सांगत होतो. "त्याला उगाचच उदास वाटतं आहे."

"उगाच कसं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "घरचं कोनी गेलं असन."

"कोणी गेलेलं नाही."

"मंग घरी काम नसन त्याले."

कौशल्येने रसग्रहणात लिहिलं, 'कवीला घरी काम नाही.' मी ते खोडलं, पण त्याहून पटण्यासारखं कारण मलाही सुचलं नाही.

कवितेचं एक वेळ निभावलं असतं. निबंधाने मात्र माझे केस पिकवले. खुशालरावांच्या लेखी निबंध म्हणजे सरकारदरबारी दिलेली जबानी होती. एक दिवस त्यांनी विचारलं, "पेपर तपासाले नागपूरले जाते ना?"

"हो."

"नागपुरात आपली सोयरीक हाये. तपासनारा कोन निघन, काय भरवसा?"

मी सांगितलं, पेपरावर नाव नसतं, नुसता नंबर असतो.

"नंबर कोनाचा हाये, थे काढाले किती वेळ लागते?" त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान होतं आणि पोत्यावरचा नंबर पाहून ते मालाचा मालक सांगत.

तेव्हापासून दर रविवारी कौशल्येचा निबंध घरात मोठ्याने वाचला जाऊ लागला. 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' वाचून झालं. मग खुशालराव म्हणाले, "आपल्या घरी फाटकी छत्री कोनती हाये?"

"बाबा, तशी छत्री नाईच. मनानं लिवलं मी."

"मनानं तं मनानं. पन फाटकी काहून?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, नव्या छत्रीजवळ सांगण्यासारखं काही नसतं.

"मंग नको सांगू म्हना तिले."

पुढच्या रविवारी छत्री नवी झाली. ती खुंटीवर सुखाने टांगलेली होती आणि आठ ओळींत तिचं आत्मवृत्त संपलं.

'माझा आवडता छंद' यात कौशल्येने लिहिलं होतं की, मला खिडकीत उभं राहून येणारे-जाणारे पाहायला आवडतात, कोण कुठे चाललं असेल ते मी मनाशी ठरवते. मनकर्णाबाईंच्या हातातली वात अर्धीच राहिली.

"कोन्या खिडकीत व?"

निबंध बदलला. 'मला कोणताही छंद नाही. आमच्या घरी कोणालाही छंद नाही.' एवढाच. वर शीर्षक मात्र सुरेख अक्षरात होतं. खिडकीही बंद झाली, त्यामुळे पुढची शिकवणी आम्ही भरदिवसा दिवा लावून केली.

मी खुशालरावांना परोपरीने समजावलं. निबंधात कल्पना लागते. जे नाही ते आहे असं मानून लिहावं लागतं.

"थे लबाडी झाली, मास्तर."

"परीक्षेत त्यालाच मार्क मिळतात."

"मंग बोर्डच बिघडलं म्हना."

ते रागावून बोलत नसत. रागावले असते तर मी भांडलो तरी असतो. ते मला चहा पाजत आणि माझा विषय मोडीत काढत. कौशल्या मान खाली घालून खोडत असायची. फेब्रुवारीपर्यंत तिला एक कला मात्र पक्की आली. कोणताही विषय दिला की ती त्यातून काय वगळायचं ते आधी पाहायची आणि मग लिहायला काही उरायचं नाही. मी मनातल्या मनात अकोटच्या पंगतीला बसलोही होतो.

मार्चमध्ये ती पेपर देऊन आली. खुशालरावांनी प्रश्नपत्रिका माझ्यासमोर धरली. निबंधाला विषय होते नदीचं मनोगत, विज्ञानाचे फायदे-तोटे आणि 'माझे घर'. तिसऱ्यापुढे पेन्सिलीची खूण होती.

"माझे घर? थे काहून घेतलं?"

"बाकीचे येत नव्हते, बाबा."

"काय लिवलं?"

"जे आलं थे."

त्या उन्हाळ्यात नागपूरच्या सोयऱ्यांकडे लग्न निघालं. खुशालराव गेले नाहीत. पोट बिघडलं असं कळवलं.

जूनमध्ये निकाल लागला. कौशल्या पास झाली. मराठीत चौसष्ट. मी पेढे आणायला निघालो तर खुशालरावांनी मला बसवलं.

"चौसष्ट काहून दिले असन, मास्तर?"

"चांगलं लिहिलं असेल."

"नवी छत्री लिवली असती तं दिले असते का? तपासनाऱ्याले त्यात काही भेटलं." वर्षभर मी जे सांगत होतो ते त्यांना समजलं होतं आणि ते मुलीच्या विरुद्ध वापरत होते. त्यांनी कौशल्येला बोलावलं. "तुह्या घरचं काय लिवलं थे आमाले सांग. मंग अमरावती. अकोटवाले अजून थांबून हायेत."

कौशल्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मनकर्णाबाईंनी कापूस बाजूला ठेवला. मग कौशल्या पुस्तकी मराठीत बोलू लागली.

माझे घर लहान आहे. पहाटे सर्वांत आधी आमची कपिला गाय हंबरते. आई गेल्यापासून बाबा स्वतः उठून तिला चारा घालतात, आत्याची झोप मोडू नये म्हणून. आत्या ज्या वाती वळते त्यांतल्या सरळ वाती शेजारणींना देते आणि वाकड्या आमच्या देवापुढे लावते. बाबा दुकानातून आले की आधी आत्याची विचारपूस करतात...

खुशालराव दुकानातून आले की पहिली हाक चहासाठी मारतात, हे भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं. पण मी ऐकत राहिलो. सुरुवात होती, मध्य होता, जानेवारीत मी डोकं आपटून सांगितलेली उपमा अगदी जागच्या जागी होती. एके ठिकाणी ती 'दुःख' म्हणाली, थांबली आणि त्याऐवजी 'उणीव' म्हणाली. मार्चमध्ये लिहिलेलं आठवून सांगणारा माणूस असा शब्द पारखत नाही. ती तिथल्या तिथे रचत होती.

खुशालरावांनी उपरण्याने डोळे पुसले.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "पन बाप्पा, आपल्या घरी गाय कुठी हाये?"

कौशल्येने चौकट सोडली नाही.

"होती," खुशालराव म्हणाले.

"कधी?"

"तू सासरी होती तवा. तुले काय माईत." त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "दूध चांगलं होतं तिचं."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिला अमरावतीच्या एस.टी.त बसवून द्यायला गेलो. खुशालराव ट्रंक टपावर चढवून घेण्यात गुंतले होते. मी खिडकीशी जाऊन हळूच विचारलं, "पेपरात खरं काय लिहिलं होतंस?"

तिने आधी वडील कुठे आहेत ते पाहिलं.

"थे सांगतलं तं अकोट, सर."